पेटीच्या झाकणातली बाई

अहो, तुमच्या रंगाच्या पेटीचं झाकण लागत नाही. आतल्या बाजूला तुम्ही ते चित्र चिकटवलंत तेव्हाच मी म्हटलं होतं, की खळ एवढी थापू नका, कागद फुगेल. तुम्ही ऐकलं नाहीत. आता नाटकमंडळीचे नायक उद्या पेटी न्यायला येणार आहेत आणि मी सकाळपासून तिच्यावर बसून कडी लावायची खटपट करते आहे. तुम्हाला जाऊन महिनाही झाला नाही. लोक येतात, शेजारी बसतात, मी कधी रडते याची वाट बघतात. रडू येतं मला, नाही असं नाही. पण त्याहून जास्त राग येतो. वाद अर्धा टाकून उठून जायची तुमची खोडच होती, तसेच या वेळीही गेलात.

लिहायला-वाचायला मला तुम्हीच शिकवलंत, आणि तेही काही माझ्या भल्यासाठी नव्हे. राणीची भाषणं पाठ करताना समोर कुणीतरी वाचणारं हवं होतं. दिवसभर कर्जत स्टेशनच्या मालधक्क्यावर पेट्या उतरवायच्या, संध्याकाळी भिसेगावात घरी यायचं, हातपाय धुवायचे आणि ओटीवर राणी होऊन बसायचं. मग मी तव्यावरची भाकरी तशीच टाकून सेनापती व्हायचं. सून नवऱ्याला ‘चल दरबारात, पापिणी’ म्हणते आहे आणि नवरा हुंदके देतो आहे, हे सासूबाईंनी पहिल्यांदा ऐकलं तेव्हा त्या उठून शेजारी जाऊन बसल्या होत्या. भाकरी करपली की ओरडा पुन्हा मलाच.

बाकी मी तुम्हाला सेनापतीच्या तोंडून वाटेल ते बोलले, पण तुमचं नाव कधी घेतलं नाही. एकदा रेल्वेचा कुणी कारकून दारात येऊन नवऱ्याचं नाव विचारू लागला, तर मी शेजारच्या काकूंना हाक मारली आणि त्यांच्याकडून वदवून घेतलं. तुम्ही घरी आल्यावर पोट धरून हसलात. तुम्हाला हसायला काय, तुम्ही माझं नाव रोज घराच्या आढ्यापर्यंत ओरडत होतात.

मंडळीचं नाटक एकच. राणीवर खोटा आळ येतो, सेनापती तिला पदराला धरून दरबारात ओढतो, पदर सुटतो, आणि राणी दोन्ही हात वर करून देवीला हाक मारते. नाटकात बाई कुठली असणार? सगळे बाप्येच. राणी तुम्ही. आता बाप्यांचं पुढचं डोकं भादरलेलं. मागचे केस तुम्ही पाठीवर रुळतील एवढे वाढवलेत, पण पुढे गुळगुळीत. पुढे वाढवू म्हटलंत तर सासूबाईंची बंदी, की घरात सुतक असल्यासारखं डोकं वाढवायचं नाही. आणि त्या गेल्या तोवर तिथे उगवण्यासारखं काही राहिलंच नव्हतं.

केसांचा टोपही करून पाहिलात. खालापूरच्या जत्रेत सेनापतीने पदर ओढला तो टोपासकट, आणि राणीचं चकचकीत कपाळ दिवट्यांच्या उजेडात सगळ्या जत्रेने पाहिलं. काय हसले लोक. माझं माहेर तिकडचं, माझ्या माहेरच्या बायका हसल्या. त्या दिवसापासून तुम्ही त्या प्रवेशात एका हाताने पदर डोक्यावर घट्ट धरून ठेवायला लागलात. सेनापती ओढतो आहे, राणी एक हात डोक्यावर ठेवून उभी, आणि देवीला हाक मारते आहे ती उरलेल्या एका हाताने. देवीला हाक मारते आहे की रस्त्याने जाणाऱ्या गाडीवानाला, काही कळू नये. हे मी तुम्हाला सांगितलं की तुम्ही जेवण टाकून उठायचात.

आणि मग ती पेटी फुटली. घाट चढायच्या आधी कर्जतला गाडीला मागून दुसरं इंजिन लावतात, त्या धक्क्यात खंडाळ्याच्या कुणा साहेबाची जपानी कपबशांची पेटी खाली आली. कपबशांचा चुरा झाला. साहेबाच्या माणसाने कपाळाला हात लावला आणि निघून गेला. कपांभोवती गुंडाळलेले रंगीत चित्रांचे कागद धक्क्यावर उडत होते, ते तुम्ही उचलून आणलेत. दुसरा कुणी असता तर निदान एखादी धड बशी आणली असती.

कागद चोळामोळा झालेले. तांब्यात निखारे घालून त्यांच्यावरून तांब्या फिरवायचं काम अर्थात माझं. एक फाटकाच होता, तो चुलीत गेला. दुसऱ्यावर एक माणूस, तोंडावर तांबडे पट्टे ओढलेले, दोन्ही डोळे नाकाकडे वळवलेले, हाताचा पंजा पसरलेला. सासूबाईंनी तो पाहिला आणि हात जोडले. कुठला तरी कडक देव आहे म्हणाल्या, आणि त्याला गोठ्याच्या दारावर लावून रोज हळदकुंकू वाहायला लागल्या. तिसऱ्यावर ती. अंगावर पांढरा झगा, हातात छत्री, मान जराशी कललेली, आणि वरून पांढरं काहीतरी भुरभुरतं आहे. सावरीचा कापूस उडतो आहे, असं तुम्ही म्हणालात आणि मीही म्हटलं, हो, सावरीचाच. त्या चित्राबद्दल आपलं तेवढ्या एका गोष्टीवर एकमत झालं.

तांब्या फिरवताना तिचं तोंड अगदी माझ्या हाताखाली होतं. कपाळाच्या वर, केस सुरू होतात तिथे, जांभळ्या कापडाचा एक तुकडा बसवलेला. मी तांब्या बाजूला ठेवला आणि तुम्हाला म्हटलं, “ही बाई नाय. बाप्या हाय.”

तुम्ही माझ्याकडे असं पाहिलंत, जणू मी तुमच्या आईला काही बोलले. मी म्हटलं, त्या फडक्याखाली भादरलेलं डोकं आहे, नाहीतर बाई आपले केस सुरू होतात तिथेच कशाला झाकेल? तुम्ही म्हणालात, त्यांच्याकडचं कुंकू असेल. मी म्हटलं, कुंकू लावायला कपाळ मोकळं पडलं आहे, केसांवर कोण लावतं? आणि हात बघा, बाहीत लपवलेत. तुम्हीही पदरात लपवता, कारण पेट्या उचलून पंजे फावड्याएवढे झालेत. यावर तुम्ही चित्र माझ्या हातातून काढून घेतलंत आणि रंगाच्या पेटीच्या झाकणाला चिकटवून टाकलंत, भरपूर खळ लावून.

त्यानंतर आपल्या घरात तीन बायका झाल्या. मी, सासूबाई आणि ती. रोज संध्याकाळी पेटी उघडायची आणि तिच्यासमोर उभं राहून मान कलवायची. माझी फाटकी छत्री घेऊन अंगणात चालायचं. एवढ्याने भागेना, म्हणून मला रिकामा हंडा कमरेवर घेऊन विहिरीपर्यंत जा आणि परत ये, असं सांगायचं. पाणी आणायचं नाही, नुसतं चालून दाखवायचं. शेजारच्या काकू विचारायच्या, अगं, हंडा रिकामाच कसा आणतेस? मी त्यांना काय सांगू, की ह्यांना बाई कशी चालते ते बघायचं आहे?

मी तुम्हाला किती वेळा म्हटलं, मान राहू द्या, ते जांभळं फडकं घ्या. कपाळाला बांधा, पदर सोडून द्या, दोन्ही हात मोकळे होतील. तुम्ही म्हणायचात, ती बाई आहे, तिची मान घ्यायची आहे, फडक्याचा काय संबंध? तुमच्याशी बोलणं म्हणजे उखळाशी बोलणं. उखळ निदान मध्येच उठून जात नाही.

मग शिमग्याला माझा दादा आला. बोटीवर खलाशांचा आचारी, जपानच्या बंदराला जाऊन आलेला. मी त्याला आधी काही सांगितलं नाही, तुमची शपथ. नुसती पेटी उघडून दिली. त्याने एकदा पाहिलं आणि सांगून टाकलं, की हे नाटकवाले आहेत. तिकडे नाटकाच्या घराबाहेर यांची चित्रं विकायला असतात, लोक आवडत्या नटाचं चित्र घरी घेऊन जातात. नाटकात बाया नाहीत, सगळे बाप्येच. पूर्वी तिकडेही पुढचं डोकं भादरायची चाल होती म्हणे. आणि वरून पडतो आहे तो कापूस नाही, बर्फ आहे. म्हणजे आपलं एकमत झालं होतं तेवढंच नेमकं चुकलं होतं.

गोठ्यावरचा तो तांबड्या पट्ट्यांचा देवही नटच निघाला. सासूबाईंना सांगितलं तर त्या म्हणाल्या, “आसंल नट. गुरांना दिष्ट तं लागत नाय ना?” आणि दुसऱ्या दिवशीही हळदकुंकू वाहिलं. त्यांचं बरं होतं. तुमचं तसं नव्हतं. तुम्ही दादाला तोंडावर म्हणालात की तू बोटीवर भात शिजवतोस, तुला नाटकातलं काय कळतं? तो बिचारा ‘बरं दाजी’ म्हणाला. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. माझ्या माहेरच्या माणसाचा पाणउतारा, आणि तो कशासाठी, तर एका चुरगळलेल्या कागदासाठी.

दादा गेल्यावर मी तुम्हाला सोडलं नाही. म्हटलं, एवढं कबूल करायला काय जातं तुमचं? तुम्ही पेटीपुढे बसला होतात. माझ्याकडे न बघता म्हणालात, “ती बाई आसली तं ठीक हाय गं. बाईला जमनारच. पन त्यो बाप्या आसला, आन त्याला आसं जमतंय, तं मग मी इतकी वर्सं काय केलं?”

आणि उठलात, म्हशीला पाणी दाखवायला गेलात. विचारायचं आणि उत्तर ऐकायला थांबायचं नाही. मी त्या दिवशी दारात उभी राहून तुमची वाट पाहिली, तुम्ही गोठ्यातून थेट पाराकडे निघून गेलात. पुढे मी तो विषय काढला की तुम्हाला नेमकं काहीतरी काम निघायचं. तेव्हा आता ऐका. आता तुम्हाला कुठे जाता येत नाही.

तुम्ही काय केलंत ते मी बायकांत बसून पाहिलं आहे. राणीवर आळ येतो तसा आळ समोर बसलेल्यांत कितीतरी जणींवर आलेला असायचा. कुणाला नवऱ्याने टाकलेलं, कुणाला सासरी परत घेत नव्हते. त्या घरी कुणापुढे रडू शकत नव्हत्या, त्या तुमच्या खेळाला येऊन रडायच्या. टोप निघाला त्या वर्षी हसल्या, पण पुढच्या वर्षी पुन्हा आल्याच. खेळ संपला की तुमची ओटी भरायला रांग लागायची. राणी बाप्या आहे हे काय त्यांना ठाऊक नव्हतं? भिसेगावचा अमक्याचा मुलगा, मालधक्क्यावर असतो, हे सगळं ठाऊक होतं. तरी नारळ-तांदूळ घेऊन यायच्या. हे केलंत तुम्ही. एका हाताने केलंत, एवढाच माझा राग होता. मला तुमचा अभिमान वाटायचा हो, आणि तो सांगायला गेलं की तुम्ही चप्पल शोधायला लागायचात.

यंदा जत्रेच्या आधी नायकांनी हळूच सुचवलं, की आता तुम्ही प्रधान व्हा, राणी माझ्या भाच्याला देऊ. तुम्ही म्हणालात, एवढं वर्ष राणी मीच, मग बघू. त्याच सुमाराला माझा जांभळा खण नाहीसा झाला. माहेरून आलेला, अजून चोळीही शिवली नव्हती. मी घर उलटं पालटं केलं, उंदराला शिव्या दिल्या, काकूंवर संशय घेतला. तुम्ही माझ्याबरोबर तो शोधत होतात. फडताळात डोकं घालून शोधत होतात, लबाड माणूस.

खालापूरला मी नेहमीप्रमाणे बायकांत बसले. दिवट्या लागल्या, राणी आली. पदर कपाळापर्यंत. पुढे तो प्रवेश आला, सेनापतीने पदराला हात घातला, आणि माझे डोळे तुमच्या उजव्या हाताकडे, की आता हा जाणार डोक्यावर. हात गेला नाही. पदर सुटला, खांद्यावरून खाली आला, आणि कपाळावर, केस सुरू होतात तिथे, जांभळी पट्टी. आधी मनात आलं, अगं बाई, माझा खण. मग मला रडू आवरेना.

कुणी हसलं नाही. तुम्ही दोन्ही हात वर केलेत. ते फावड्याएवढे पंजे पहिल्यांदाच पदराच्या बाहेर आले आणि ते बाप्याचे आहेत असं कुणाला वाटलं नाही. मान कललेली नव्हती, तिची नव्हतीच ती, तुमची होती. “आये” एवढीच हाक मारलीत. पुढचं भाषण विसरलात की मुद्दाम टाकलंत, देव जाणे. मला ते पाठ होतं, मी तोंडातल्या तोंडात म्हणून टाकलं. माझ्या शेजारी एक म्हातारी होती, तिने माझा हात धरून ठेवला होता.

खेळानंतर बायकांची रांग लागली, तीत मीही उभी राहिले. नवऱ्याची ओटी भरणारी मी एकटीच असेन. पुढे आले, तांदूळ घातले, नारळ ठेवला. कुंकू लावायला बोट वर नेलं तर पट्टी एवढी खाली आलेली, की भुवयांच्या मध्ये कशीबशी जागा सापडली. तुम्ही मान वर केली नाहीत. वाटलं, आता गाडीत तरी बोलतील. म्हणतील, तुझंच खरं होतं गं. पळसदरी आली, पळसदरी गेली. तुम्ही तोंड उघडलंत ते म्हणालात, “बैल आज बरे चालत्यात.” मी म्हटलं, हो. माझाही मान होता की नाही? मी काय विचारायला जाणार होते?

म्हटलं, सावकाश कबूल करतील, घाई कसली? तर भादव्यात ताप आला. तापात खूप बडबडलात, धक्क्यावरच्या पेट्या, म्हैस, कुणाची तरी छत्री. नेमकं ते मात्र नाही.

परवा खालापूरच्या बायका भेटायला आल्या. त्यांच्यात ती म्हातारी होती. माझ्या पुसलेल्या कपाळाकडे पाहिलं, डोळ्याला पदर लावला आणि म्हणाली, “आमची रानी सवाशीण गेली गं.” माझ्यासमोर म्हणाली. तिच्या बोलण्यात काही वाईट नव्हतं, आणि खोटं तरी काय होतं? जत्रेत ओटी भरून घेतलीत, कुंकू लावून घेतलंत आणि तशाच गेलात. मागे पांढरं कपाळ घेऊन बसायचं काम अर्थात माझं.

पेटी उद्या देईन. झाकणातल्या बाईसकट देईन. नायकांच्या भाच्याला मी स्वतः सांगणार आहे, की ही बाई नाही, बाप्या आहे. त्याला तरी पहिल्या दिवसापासून ठाऊक असू दे. आणि त्याला हेही सांगेन, की ह्याला जमलं ते आमच्याकडेही एकाला जमलं होतं. पट्टी मात्र देणार नाही. ती माझ्या खणाची आहे. त्याने आपल्या बायकोचा खण चोरावा.

काल दुपारी घरात कुणी नव्हतं. पेटी आवरताना पट्टी हाताला लागली. रंगाचा वास अजून होता, कडेला माझंच कुंकू लागलेलं. तुमचा तो छोटा आरसा भिंतीला टेकवला आणि पट्टी कपाळाला बांधून पाहिली. काही वाईट दिसत नव्हती. झाकणातून ती बघत होती, मी म्हटलं, बघ. मग पदर सोडला आणि तुमच्यासारखे दोन्ही हात वर केले. देवीला हाक मारावी असं काही मनात येईना, तिच्यावर मी सध्या रागावले आहे. म्हणून तुम्हाला मारली. नावाने मारली. जन्मात पहिल्यांदा, चांगली आढ्यापर्यंत ऐकू जाईल अशी.

ओ दिली नाहीत. तेवढं तुमचं नेहमीसारखंच.